आधी वर, मग बाजूला!

बालमित्रांनो,

आज सुरुवात शेतातून करू या. तुमच्यापैकी कितीजणांनी सोयाबीनमध्ये डवरा चालताना पाहिलाय? आमच्या गोरेगावकडे, म्हणजे हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यात, कुणी डवरा म्हणतं, कुणी कोळपं. नाव काही असो. दोन ओळींमधलं तण काढत बैल सरळ चालतात. तास संपला, धुरा आला, की हाकणारा काय करतो? आधी डवरा उचलतो, मग बैल वळवतो. नव्या ओळींसमोर नीट उभा राहिला की मगच डवरा खाली टेकवतो.

आता समजा, एखाद्या नवख्याने डवरा न उचलताच बैल वळवले, तर? वळणावरची दहा-वीस रोपं मुळासकट बाहेर! तण राहिलं बाजूला, पीकच गेलं. म्हणून आजोबा पहिल्या दिवशीच बजावतात: आधी उचल, मग वळ, मग टेकव.

हाच धडा मला परवा एका यंत्रासमोर पुन्हा शिकावा लागला. त्याचीच ही गोष्ट.

माझा भाचा नववीत आहे. त्याच्या वडिलांचं, म्हणजे आमच्या दाजींचं, सुतारकामाचं दुकान आहे. बापलेकांनी मिळून गेल्या दिवाळीत एक छोटं सीएनसी यंत्र सुटे भाग आणून जोडलं. सीएनसी म्हणजे काय? संगणकाने दिलेल्या आकड्यांप्रमाणे चालणारं यंत्र. टेबलावर सहज मावतं. खाली ३०० मिलिमीटर लांब आणि १८० मिलिमीटर रुंद पाट. वर एक मोटार, तिला म्हणतात स्पिंडल. स्पिंडलच्या टोकाशी गरगर फिरणारं लहानसं बिट. बिट डावी-उजवीकडे सरकतं, ती एक्स दिशा. पाट मागे-पुढे सरकतो, ती वाय दिशा. आणि बिट वर-खाली होतं, ती झेड दिशा. आलेखाच्या कागदावर बिंदू कसा मांडतात ते वरच्या वर्गातल्या मुलांना ठाऊक आहे. इथे त्यात उंचीची भर पडली, एवढंच.

हे यंत्र पाहिलं आणि माझ्या डोक्यात एक कल्पना आली. माझ्याकडे पहिलीचा वर्ग. मुलं अक्षर गिरवतात, पण बोट कुठून सुरू करायचं आणि कुठे वळवायचं तेच चुकतं. मी म्हटलं, "अरे, लाकडी पाटीवर अक्षराची खोल चर कोरून देशील का? मुलं त्या चरीतून बोट फिरवतील."

तो म्हणाला, "मावशी, त्यात काय! आणि सुरुवात कुठून करायची तो बाणही कोरून देतो."

आता चर हवी रुंद, आणि बाण हवा बारीक. रुंद चरीला जाड बिट, बाणाला टोकदार बिट. म्हणजे मध्येच बिट बदलणं आलं. आणि मित्रांनो, सगळी गंमत, आणि सगळा धोकाही, याच जागी आहे.

टक्क!

'अ' झाला, 'आ' झाला. मी खुशीत. मग आला 'ळ'. जाड बिटाने चर कोरून झाली. भाच्याने काम थांबवलं आणि बिट बदलायला सोपं पडावं म्हणून यंत्राला आज्ञा दिली: "पुढच्या कडेला ये." यंत्र बिचारं आज्ञाधारक. ते आलं. पण बिट अजून चरीतच होतं! वर उचल असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याने 'ळ'च्या पोटातून थेट कडेपर्यंत एक तिरपी रेघ कोरली, पाटी दाबून धरणाऱ्या लोखंडी क्लॅम्पवर जाऊन आदळलं, आणि टक्क! बिट मोडलं. तुकडा उडून भाच्याच्या चष्म्यावर आपटला. कारखान्यात घालतात तो डोळे झाकणारा चष्मा, बरं का. दाजींनी तो सक्तीचा केला होता म्हणून बरं. नाहीतर?

यंत्राचा काही दोष नव्हता. त्याला पाटी दिसत नाही, क्लॅम्प दिसत नाही, तुमचं बोटही दिसत नाही. त्याला फक्त आकडे कळतात.

पाटी वाया गेली नाही म्हणून मी ती तशीच वर्गात नेली. एका मुलीने 'ळ'वर बोट फिरवायला सुरुवात केली. बोट वळलं, पुन्हा वळलं आणि मग त्या तिरप्या रेघेतून सरळ पाटीच्या बाहेर! मी म्हटलं, "अगं, ती रेघ अक्षरातली नाही." ती म्हणाली, "बाई, पण इथं रस्ता आहे की!" दुसऱ्या दिवशी वहीत तिने 'ळ' काढला, तोही शेपटीसकट.

मी गप्प झाले. चूक यंत्राच्या एका हालचालीत झाली आणि उतरली एका सहा वर्षांच्या बोटात. ती पाटी मी कपाटात ठेवून दिली आणि भाच्याला म्हटलं, "आधी बिट बदलायची जागा ठरव. मग पुढचं अक्षर."

जागा ठरवायची कशी?

बसलो तिघं, कागद-पेन्सिल घेऊन. तुम्हीही घ्या.

पहिला नियम डवऱ्याचा. जाताना आधी वर, मग बाजूला. येताना उलट: आधी बाजूने पाटीवर यायचं, मग खाली. किती वर? पाटीच्या वर एवढं पुरत नाही. वाटेत सगळ्यांत उंच जे असेल त्याच्याही वर. आमची पाटी १२ मिलिमीटर जाड, पण तिच्यावर क्लॅम्पचा बोल्ट आणखी १५ मिलिमीटर डोकं वर काढून उभा! तेव्हा पाटीपासून १५पेक्षा चांगलंच जास्त उचललं पाहिजे. रस्त्यात लोंबकळणाऱ्या तारा असतील तर ट्रॉलीतला कडबा तारांच्या खालून जाईल इतकाच भरतात ना? तसाच हिशेब, फक्त उलटा.

दुसरा नियम बोटांचा. बिट बदलताना दोन पान्यांनी नट सैल करायचा आणि बिट खाली ओढून काढायचं. त्याला खाली मोकळी जागा नको का? चला, गणित करू. आमचं बिट एकूण ३८ मिलिमीटर लांब. त्यातलं २० मिलिमीटर बाहेर दिसतं. म्हणजे आत किती? ३८ वजा २०, बरोबर १८. म्हणून टोकाखाली निदान १८ मिलिमीटर मोकळे हवेत. बिटाचं टोक पाटीच्या ५ मिलिमीटर वर असेल, तर बिट निघणारच नाही. पाटीवरून बाजूला नेलं तर पाटीची जाडी वाचली: ५ अधिक १२, झाले १७. अरेरे, एका मिलिमीटरने हुकलं! आणखी २० मिलिमीटर वर घेतलं की ३७. त्यातले १८ बिटाचे, १९ आपल्या बोटाचे. आता जमलं.

तिसरा नियम दिशेचा. जागा अशी हवी की हात समोरून, सरळ जाईल. यंत्राच्या मागच्या कोपऱ्यात हात वळवून घालावा लागला तर पाना निसटतो. आणि अगदी टोकाची जागाही नको. यंत्र कडेला धडकेल. दोन-चार मिलिमीटर राखून थांबायचं.

चौथा नियम सगळ्यांत महत्त्वाचा. यंत्र सरकायचं थांबलं, म्हणजे बिट फिरायचं थांबलं असं नाही! पुष्कळ छोट्या यंत्रांत 'थांब' म्हटलं की सरकणं थांबतं, स्पिंडल मात्र फिरतच राहतो. म्हणून स्पिंडल बंद करायचा, तो पूर्ण थांबला हे डोळ्यांनी पाहायचं, त्याची वीज तोडायची आणि मगच हात पुढे.

मग सगळ्या यंत्राचंच बटण बंद केलं तर? छान प्रश्न! तसं केलं तर यंत्र आपण कुठे आहोत तेच विसरतं. आमच्याकडे लाइट गेली की नेमकं हेच होतं. म्हणून वीज तोडायची ती फक्त स्पिंडलची. सरकवणाऱ्या मोटारी चालूच ठेवायच्या, म्हणजे पान्याच्या झटक्याने यंत्र जागचं हलत नाही.

गाडीपासून तिसरं घर

आता एक गमतीची अडचण ऐका. समजा पाहुण्याला तुम्ही पत्ता सांगितला, "देवळापासून तिसरं घर." पाहुणा बरोबर येईल. पण सांगितलं, "बैलगाडी उभी आहे ना, तिच्यापासून तिसरं घर," तर? गाडी गेली की पत्ताही गेला!

यंत्रातही दोन प्रकारचे पत्ते असतात. एक पाटीच्या कोपऱ्यापासून मोजलेला. हा बैलगाडीचा पत्ता. उद्या पाटी जरा सरकवून बसवली की तोही सरकतो. दुसरा यंत्राच्या स्वतःच्या शून्यापासून मोजलेला. हा देवळाचा पत्ता. ज्या यंत्राला कडेची बटणं असतात ते सुरुवातीला हळूच जाऊन कडेला टेकतं आणि म्हणतं, 'हे माझं घर.' बिट बदलायची जागा नेहमी या घरापासून मोजायची. आणि ज्याला अशी बटणं नाहीत, ते यंत्र सुरू होताना जिथे उभं असेल त्यालाच घर समजतं. तिथे रोज ठरलेल्या एकाच खुणेवर आणून मगच सुरू करावं लागतं.

आमच्या यंत्रात घर आहे उजवीकडे, मागे आणि सगळ्यांत वर. म्हणून तिथून कुठेही निघालं की आकडे उणे! सातवीच्या मुलांनो, संख्यारेषा आठवली का? भाच्याने शेवटी लिहिलेल्या तीन ओळी अशा:

जी-५३ जी-० झेड उणे २
एम-५
जी-५३ जी-० एक्स उणे १५० वाय उणे १७०

वाचून पाहू. जी-५३ म्हणजे 'यंत्राच्या घरापासून मोज'. जी-० म्हणजे 'भरभर जा'. पहिली ओळ म्हणते, घरापासून फक्त २ मिलिमीटर खाली, म्हणजे जवळजवळ माथ्यापर्यंत वर जा. दुसरी ओळ: स्पिंडल थांबव. तिसरी: मधोमध, पुढच्या कडेला ये. पाटाची रुंदी १८०, आपण आलो १७०पर्यंत, म्हणजे १० मिलिमीटर राखून. पहिली आणि तिसरी ओळ एकाच ओळीत लिहिली असती तर? यंत्र तिन्ही दिशांनी एकदम, तिरपं निघालं असतं, आणि वाटेत पुन्हा टक्क! म्हणून ओळी वेगळ्या, आणि त्यांचा क्रमही ठरलेला.

बिट बदलण्यासाठी एम-६ अशी वेगळी आज्ञा असते. पण अशा बहुतेक छोट्या यंत्रांच्या डोक्यात जीआरबीएल नावाची आज्ञावली बसवलेली असते. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरूड यांनी ती २००९ साली पहिल्यांदा लिहिली. तिला एम-६ समजतच नाही. म्हणून भाच्याने सोपी युक्ती केली. जाड बिटाचं काम एका फाइलमध्ये, टोकदार बिटाचं दुसऱ्या फाइलमध्ये. पहिल्या फाइलच्या शेवटी या तीन ओळी. काम संपलं की यंत्र आपोआप ठरलेल्या जागी येऊन उभं राहतं.

नवं बिट, नवी उंची

झालं का सगळं? नाही! नवं बिट जुन्याइतकंच लांब असेल कशावरून? १ मिलिमीटर जास्त बाहेर आलं तर १ मिलिमीटर जास्त खोल जाईल. नवी चप्पल घातली की भिंतीवरच्या खुणेपाशी तुमची उंची बदलते, तसंच. म्हणून बिट बदललं की झेडचं शून्य पुन्हा घ्यायचं. वरच्या वर पाटीवर यायचं, खाली साध्या वहीचा कागद सरकवायचा, आणि एका हाताने कागद हलवत बिट अगदी थोडं थोडं खाली आणायचं. कागद जरासा अडकला की थांबायचं. कागदाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर, तेवढी हिशेबात धरायची. एक्स आणि वाय यांना मात्र हात लावायचा नाही. नाहीतर बाण अक्षराच्या बाहेर!

आणि जाता जाता: ही बिटं बहुधा कार्बाइडची असतात. कठीण खरी, पण बांगडीसारखी ठिसूळ. नट सैल करताना खाली जाड फडकं घडी करून ठेवा आणि टोक उघड्या बोटांनी धरू नका.

हे सगळं आलं कुठून?

तुम्ही म्हणाल, असली यंत्रं शहरातल्या कारखान्यात शोभतात. आकड्यांवर चालणारं मिलिंग यंत्र अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेने १९५२ साली लोकांना दाखवलं. कल्पना होती जॉन पार्सन्स यांची. आज्ञा दिल्या होत्या कागदी पट्टीवरच्या भोकांनी. आज मोठ्या कारखान्यांत बिटं बदलायलाही यंत्राचाच हात असतो. पण खेड्याशीही या यंत्रांचं जुनं नातं आहे. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात पाबळ नावाचं गाव आहे. तिथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. मुलांनी काम करता करता शिकावं, हे त्यांचं सूत्र. त्याच पाबळमध्ये २००२ साली फॅब लॅब उघडली, म्हणजे संगणकाच्या मदतीने हवी ती वस्तू स्वतः करून पाहण्याची कार्यशाळा. एमआयटीच्या बाहेर अगदी सुरुवातीला ज्या फॅब लॅब निघाल्या त्यांपैकी ही एक. म्हणजे पाबळच्या मुलांच्या हाती हे ज्ञान आलं, तेव्हा पुष्कळ शहरांनी फॅब लॅबचं नावही ऐकलेलं नव्हतं. आहे की नाही अभिमानाची गोष्ट?

यंत्र नको, अंगण पुरे

तुमच्याकडे यंत्र नाही ना? काही बिघडत नाही. अंगणात खडूने ८ बाय ६ चौकटी आखा. मध्ये एक-दोन विटा उभ्या ठेवा, ते क्लॅम्प. एक मित्र यंत्र. त्याचे डोळे रुमालाने बांधा. त्याच्या हातात दोरी, दोरीच्या टोकाला खडू: ते बिट. आता तुम्ही आज्ञा द्या: "दोरी वर." "डावीकडे तीन." "पुढे दोन." "दोरी खाली." दोरी विटेला लागली की डाव गेला. दोन फेऱ्यांतच तुम्हाला कळेल की बरोबर आकडे देऊनही क्रम चुकला तर वीट पडते.

आणि हे कोडं वहीत सोडवा. बिट आहे (६, ४) या चौकटीत, चरीत खाली. बिट बदलायची जागा (०, ०). वाटेत (३, २) या चौकटीत ३ बोटं उंच क्लॅम्प आहे. जाण्याच्या आज्ञा कमीत कमी किती आणि कोणत्या? आणि परत येताना तोच क्रम तसाच ठेवला, म्हणजे आधी झेड आणि मग एक्स-वाय, तर काय होईल? उत्तर पुढच्या अंकात. तोवर घरात सगळ्यांना विचारून हैराण करा!

आईबाबांसाठी दोन शब्द

घरात असं यंत्र असेल तर मुलांना त्यापासून दूर ठेवू नका, पण एकटंही सोडू नका. डोळ्यांवर चष्मा, केस बांधलेले, ओढणी आणि मनगटातले धागे काढून ठेवलेले. फिरत्या बिटाजवळ हातमोजे मात्र नकोत, ते ओढले जातात. नवी फाइल पहिल्यांदा चालवताना बिट काढून, हवेत चालवून बघा. आणि मुलाला काम सुरू होण्याआधी एकच प्रश्न विचारा: "बिट बदलायला कुठे थांबणार?" उत्तर तयार नसेल, तर बटणही दाबायचं नाही. मोडकं बिट पुन्हा मिळतं, बोट मिळत नाही.

नवा 'ळ' तयार झाला, बरं का. बाणासकट, एकही रेघ इकडेतिकडे नाही. त्याच मुलीच्या हातात दिला. तिने बाणावर बोट टेकवलं, दोन्ही वळणं घेतली आणि चर संपली तिथे बोट अलगद उचललं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, आता रस्ता बरोबर आहे."

भाचा दारातच उभा होता. काही बोलला नाही, पण स्वारी खूश होती.

बरंय तर, भेटू पुढच्या आठवड्यात!

तुमच्या,
गोरेगावच्या बाई